मावळ मेरीचे दोन बाप

माझे वडील आणि सोमाटण्याचे हौशीराम टोमॅटोच्या रसावरून एकमेकांशी बोलायचे बंद झाले, तेव्हा मी शाळेत होते. रसात व्होडकाही होती, पण भांडण रंगात आलं की दोघांनाही तिचा विसर पडायचा.

वडिलांचं नाव हनुमंत, गाव परंदवडी. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. लोणावळ्यात जुन्या हायवेवर श्रीपतीशेठांचं हॉटेल होतं. पुढं जेवणाचा हॉल, मागं परमिट रूम आणि बाजूला पडदे लावलेला फॅमिली सेक्शन. अण्णा बारच्या काउंटरला होते, हौशीराम भटारखान्यात.

अण्णांनी जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. आमची आजी चिमाबाई त्यांना विचारायची, "पंचशील घेतलंस आन दारूच्या दुकानात उभा ऱ्हातूस व्हय रं?"

"प्यायची न्हाई म्हणलंय आये," अण्णा म्हणायचे. "वतायची न्हाई असं कुटं म्हणलंय?"

आजीला ते पटायचं नाही. हौशीराम मात्र घ्यायचे, आणि दारूत पाण्याखेरीज काहीही मिसळणं म्हणजे दारूला नावं ठेवणं, असं त्यांचं ठाम मत होतं. अशा या दोन माणसांनी मिळून लोणावळ्याला एक कॉकटेल दिलं.

झालं ते असं. एका रविवारी सकाळी मुंबईची एक टोळी हॉटेलात शिरली. पाऊस पडत होता, लोणावळ्यात पडतो तसा. म्हणजे कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. टोळीतल्या एका बाईंचं डोकं आदल्या रात्रीच्या पार्टीनं ठणकत होतं. मेनूकार्ड न उघडताच त्यांनी अण्णांना विचारलं, "ब्लडी मेरी मिळेल?"

"मिळंल की," अण्णा म्हणाले. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम होता. दुसरा नियम होता की मग आत जाऊन कपाळाला हात लावायचा.

टोमॅटोचा रस, व्होडका आणि तिखटमीठ, एवढं त्यांना ऐकून माहीत होतं. हॉटेलात डबाबंद रस नव्हता. ते भटारखान्यात गेले तर चुलीवर कामगारांच्या जेवणासाठी टोमॅटोचं सार उकळत होतं. जिरं, लसूण, हिरवी मिरची आणि किंचित गूळ घातलेलं, हौशीरामांच्या हातचं. अण्णांनी डावभर सार मागितलं. ते चहाच्या गाळण्यानं गाळलं, बर्फात थंड केलं. लिंबं संपली होती, म्हणून डोक्यावर पोतं घेऊन ते बाजारात पळाले आणि लिंबं घेऊन आले. चित्रात अशा ग्लासात एक हिरवा दांडा उभा असतो हे त्यांनी पाहिलं होतं. तो कशाचा असतो हे ठाऊक नसल्यानं त्यांनी कांद्याची पात खोचली.

बाईंनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "वा. मस्त झालंय."

मग सगळ्या टेबलानं तेच मागवलं. पुढच्या रविवारी आणखी लोक आले. एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि दिवाळीच्या आत त्या पेयाला मावळ मेरी असं नावही पडलं. श्रीपतीशेठांनी हौसेनं पाटी रंगवून घेतली. पाटीवर लिहिलं होतं: 'आमची खासियत, मावळ मेरी, हौशीराम स्पेशल.'

हौशीराम शेठांच्या बायकोच्या माहेरकडून नात्यातले होते. अण्णा कुणाच्याच नात्यातले नव्हते.

अण्णांनी पाटी वाचली आणि भटारखान्याच्या दारात जाऊन उभे राहिले. "हौशीराम, ही मेरी तुझी कवापासनं झाली?"

"गिलासात काय हाय रं?" हौशीराम म्हणाले. "माझं सारच हाय न्हवं?"

"सार तर तुझ्या घरी रोज हुतं. मग घरापुढं मुंबैच्या गाड्या का थांबत न्हाईत?"

"आन माझं सार काढलं तर तुझ्या गिलासात ऱ्हातंय काय? निसती पात."

"त्या लिंबासाठी मी पावसात पळत गेलतो."

"कुणी बघितलंय?"

हे शेवटचं वाक्य अण्णांना लागलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एकाच वेळी सुटून दोघं एकाच लोणावळा लोकलनं घरी यायचे, अण्णा पुढच्या डब्यात आणि हौशीराम मागच्या. ऑर्डर आली की अण्णा भटारखान्याच्या खिडकीत रिकामं पातेलं ठेवायचे. ते भरून परत यायचं. मधे शब्द नाही. पुढं एक्सप्रेस वे झाला, गाड्या परस्पर निघून जायला लागल्या आणि हॉटेल बंद पडलं. भांडण मात्र चालू राहिलं, त्याला गिऱ्हाईक लागत नव्हतं.

मी हॉटेल मॅनेजमेंटला गेले तेव्हा मला कळलं की या पेयाची रीतच ती आहे. पॅरिसमधला एक बार म्हणतो की ब्लडी मेरी आमच्याकडे जन्मली. न्यूयॉर्कवाले म्हणतात, तुमच्याकडे नुसता टोमॅटो आणि व्होडका होती, मीठ-मिरी-तिखट आम्ही घातलं, म्हणजे पेय आमचं. मेरी कोण, यावरही एकमत नाही. कुणी म्हणतं माणसं जाळणारी इंग्लंडची राणी, कुणी म्हणतं एका बारमधली वेट्रेस. आमच्या सरांनी हे फळ्यावर दोन बाजू करून लिहिलं होतं. मी वहीत उतरवून घेताना मनात एका बाजूला परंदवडी लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला सोमाटणं. शंभर वर्षं झाली तरी त्यांचं मिटलेलं नाही, तर आमच्याकडे एवढ्यात मिटेल अशी आशा मी सोडून दिली.

आता मी लोणावळ्यातच, तुंगार्लीकडच्या एका रिसॉर्टमध्ये फूड अँड बेव्हरेज बघते. आमच्या जनरल मॅनेजर राजेश्वरी मॅडम पुण्याच्या. त्यांना प्रत्येक पदार्थामागं स्टोरी हवी असते. मिसळीमागं स्टोरी, चिक्कीमागं स्टोरी. एकदा त्यांनी साध्या वरणभातामागची स्टोरी विचारली होती, तेव्हा आमचा शेफ रजेवर गेला.

डिसेंबरात त्या म्हणाल्या, "प्रतीक्षा, अमेरिकेत एक जानेवारीला ब्लडी मेरी डे असतो. आपण ब्रंच करू. काही लोकल अँगल मिळेल का?"

मी बोलून गेले. सगळं सांगितलं: सार, पात, पाटी. मॅडमनी लॅपटॉप मिटला. त्या लॅपटॉप मिटतात तेव्हा गोष्ट हाताबाहेर गेलेली असते.

"दोघंही हयात आहेत?"

"हो, पण बोलत नाहीत."

"उत्तम," मॅडम म्हणाल्या. "स्टेजवर बोलतील."

घरी विषय काढला तर अण्णांनी आधी कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाले, "एक तारखेला जमायचं न्हाई. एक तारखेला मी कोरेगावला जातो."

ते खरंच होतं. एक जानेवारीला भीमा कोरेगावच्या स्तंभाला गेले नाहीत असं वर्ष मला आठवत नाही. मी मॅडमना सांगितलं की नंतरच्या रविवारी ठेवू.

"पण हँगओव्हर एक तारखेलाच असतो ना लोकांना?"

"मॅडम, लोणावळ्यात तो दर रविवारी असतो."

अण्णांचं असं जमलं. हौशीरामांना आणायला मी सोमाटण्याला गेले. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते, शेजारी त्यांच्या बायको रतनमावशी वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी कुणाची मुलगी हे कळल्यावर हौशीरामांनी खुर्ची थोडी फिरवली, म्हणजे मी त्यांच्या कानाशी बोलावं आणि तोंडाशी बोलू नये.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. स्टेज असेल, माईक असेल, लोकांना सांगायचं की पेय कसं जन्मलं.

"आबा, तुम्ही आलात तर बरं होईल."

"मला कशाला वडता? म्हातारा माणूस मी. असल्या नादाला लागत न्हाई आता."

"बरं," मी म्हणाले. "मग अण्णा एकटेच सांगतील."

हौशीरामांची खुर्ची माझ्याकडे फिरली. "काय सांगंल त्यो?"

"जे झालं ते."

"गाडी पाठवणार का तुमी?" ते म्हणाले.

रतनमावशींनी शेंगा सोलता सोलता मला विचारलं, "पोरी, तिकडं एवढा सोहळा करत्यात, त्ये लागतं तरी कसं?"

बारचं काम शिकताना मी ब्लडी मेरी बरेचदा चाखली होती, पण हौशीरामांसमोर मी म्हटलं की ऐकून आहे.

त्या रविवारी रिसॉर्टच्या लॉनवर ऊन छान पडलं होतं. पाहुणे काळे चष्मे लावून बसले होते, आणि कुणी चमचा जरी बशीवर ठेवला तरी तीनचार जण दुखावल्यासारखे बघत होते. मॅडमनी माणसाच्या उंचीचा एक थर्माकोलचा ग्लास करून घेतला होता. त्यात लाल कागद आणि एक हिरवा पाइप. स्टेजवर दोन टेबलं. एका टेबलामागं अण्णा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. दुसऱ्यामागं हौशीराम, फेटा बांधून. फेटा मॅडमनी दिला होता. अण्णांनाही दिला होता, पण त्यांनी सांगितलं की काउंटरवर मी कधी फेटा बांधून उभा राहिलो नाही.

मॅडमनी प्रास्ताविक केलं आणि माईक अण्णांना दिला. अण्णांनी त्या दिवसाचं सगळं सांगितलं. पाऊस, गाळणं, पात. लिंबाचं सांगताना ते जरा थांबले. लोक ऐकत होते. मग हौशीरामांनी माईक घेतला आणि म्हणाले, "ह्यानं सांगितलं त्ये निम्मं खरं हाय. निम्मं म्हंजी वरचं. खालचं सगळं माझं सार."

"साराला कुणी वा म्हणलं न्हवतं," अण्णा बिनमाईकचेच म्हणाले.

"पातीला म्हणलं व्हतं का?"

पाहुणे हसायला लागले. काळे चष्मे कपाळावर गेले. एवढ्या वर्षांत ते दोघं एकमेकांना उद्देशून पहिल्यांदा बोलत होते, हे फक्त मला कळत होतं.

तेवढ्यात मागच्या टेबलावरून एक बाई उठल्या. साठीपुढच्या, आखूड पांढरे केस, सुती साडी. हात वर करून म्हणाल्या, "मला वाटतं, ती बाई मी आहे."

सगळ्या माना मागं वळल्या. त्यांचं नाव माधवी. रिसॉर्टनं टाकलेली जाहिरात त्यांच्या भाचीनं फोनवर दाखवली आणि कांद्याच्या पातीचा उल्लेख वाचून त्यांना सगळं आठवलं, असं त्यांनी सांगितलं. राजेश्वरी मॅडमच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पगारवाढीच्या बैठकीतही पाहिला नाही. त्यांनी माधवीताईंना हाताला धरून स्टेजवर आणलं.

"आता तुम्हीच सांगा," मॅडम म्हणाल्या. "तो पहिला घोट कसा होता?"

अण्णा शर्टाची बाही सारखी करायला लागले. त्यांना बाईंचा चेहरा ओळखीचा वाटत होता की नव्हता, कोण जाणे, पण ते बघत मात्र एकटक होते.

माधवीताई म्हणाल्या, "मी खोटं बोलणार नाही, आता वय झालं. फार वाईट लागलं होतं. कोमट साराला स्पिरिटचा वास. पण हे समोर उभे होते. ओलेचिंब. माझ्या तोंडाकडे बघत होते. नाही कसं म्हणवणार? मी म्हटलं, मस्त. आणि यांची पाठ वळल्यावर शेजारच्या कुंडीत ओतून टाकलं."

मग त्यांनी पुढं सांगितलं, "माझ्या मैत्रिणींनी मी मस्त म्हटलं म्हणून मागवलं. त्यांना वाटलं मला आवडलंय, म्हणून वाईट लागलं तरी त्या मला बोलल्या नाहीत. पात मात्र मी खाल्ली होती. पात छान होती."

अण्णांनी हातातलं गाळणं टेबलावर ठेवलं. मी त्यांना आजीच्या मयतीत पाहिलं आहे, नोकरी सुटली तेव्हा पाहिलं आहे. पण आत्ता त्यांचा चेहरा एखाद्या शाळकरी मुलासारखा झाला होता, ज्याचं बक्षीस दुसऱ्याच कुणाचं होतं असं सगळ्यांसमोर सांगितलं गेलं आहे. मला स्टेजवर जाऊन त्यांना घरी न्यावंसं वाटलं. मी दोन पावलं टाकलीही.

पण माईक हौशीरामांकडे होता.

"बाई," ते म्हणाले, "ती कुंडी दाराजवळची का? फर्नाची?"

"हो. फर्नच होतं."

"त्ये मेलं. शेठ आमच्यावं ओरडले. म्हणले पाणी जास्त घालता. मी आन ह्यो, आमी आळीपाळीनं त्याला शेणखत घातलं." मग त्यांनी अण्णांकडे बोट केलं. "दुसरं आसं, बाई, की ह्यो मानूस तुमच्या एका गिलासासाठी लिंबं आणाया पावसात बाजारात गेलता. पोतं घिऊन. मी भटारखान्याच्या खिडकीतनं बघितलं. येताना घसरून पडला, लिंबं गटारीत गेली, पुन्यांदा माघारी गेला. तुमाला न्हाई आवडलं, तुमची जीभ. पर कुंडीत वतायचं काम न्हवतं."

अण्णा हौशीरामांकडे बघत राहिले. पडल्याचं आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी ते घरी कधी सांगितलं नव्हतं.

"तू बघितलं व्हतंस?" अण्णांनी विचारलं.

"मग. डोळं हायत न्हवं मला."

"आन म्हणलास, कुणी बघितलंय."

"भांडणात खरं बोलायचं आसतंय व्हय?" हौशीराम म्हणाले.

अण्णांनी त्यांच्या हातून माईक घेतला. तो तोंडाजवळ धरावा की लांब, हे त्यांना कळत नव्हतं. "बाई, सार चांगलं व्हतं. नुसतं दिलं आसतं तर तुमी वाटी चाटली आसती. दारू मी घातली. बिघडवलं त्ये मी."

"तुजं काय बी नगं," हौशीराम म्हणाले. "मीच त्यात गूळ जादा टाकलता त्या दिशी."

आणि मग ते दोघं, ज्यांनी इतकी वर्षं पेय आपलं म्हणून सांगितलं होतं, तेच आता ते बिघडवल्याचं श्रेय माईकवरून एकमेकांपासून ओढून घ्यायला लागले. बर्फ कमी होता, सार पुरतं थंड केलं नव्हतं, व्होडका शेठांनी कुठून तरी आणली होती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. राजेश्वरी मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, "हे ठरवून केलं का गं?" मी म्हटलं, "हो." एवढं तरी मला मिळायला हवं होतं.

माधवीताई मात्र ओशाळल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला आता करून द्याल का एक? दोघांनी मिळून?"

दोघांनी केलं. हौशीरामांनी सार गाळलं, गूळ न घालता. अण्णांनी लिंबू पिळलं, आमच्याकडची चांगली व्होडका मोजून ओतली आणि ग्लास फुटेस्तोवर बर्फ भरला. ते होईपर्यंत हौशीराम स्टेजवरून खाली उतरले आणि माधवीताईंच्या टेबलाशेजारच्या दोन शोभेच्या कुंड्या एकेक करून उचलून भिंतीकडे नेऊन ठेवल्या.

माधवीताईंनी घोट घेतला. सगळं लॉन बघत होतं.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

अर्थातच यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. अण्णा आणि हौशीराम शेजारी शेजारी उभे राहून ग्लासकडे बघत राहिले. बाईंना तो शेवटपर्यंत संपवावा लागला. संपवल्यावर त्यांनी पाणी मागितलं. पण मग थोड्या वेळानं, कुणी बघत नसताना, त्यांनी आमच्या वेटरकडे अजून अर्धा मागवला, हे मी बिलावर पाहिलं आणि संध्याकाळी अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "पात खायाला मागवला आसंल."

दुपारी मीच दोघांना गाडीतून गावाकडे आणलं. जुन्या हायवेनं. हौशीराम पुढं बसले, अण्णा मागं. कामशेतपर्यंत दोघं माधवीताईंना नावं ठेवत होते. मुंबईच्या माणसाला चवच नसते, यावर पूर्ण एकमत झालं. वडगावच्या पुढं विषय संपला तशी मला भीती वाटली की आता पुन्हा गप्प बसतील. पण हौशीराम म्हणाले, "शेठांच्या हाटेलात त्यो मॅनेजर व्हता बघ, टकल्या. त्याचं काय झालं पुढं?" आणि मग ते सुरू झाले. टकल्या मॅनेजर, पळून गेलेला वेटर, फॅमिली सेक्शनमध्ये सापडलेला तहसीलदार. मी अशा गोष्टी जन्मात ऐकल्या नव्हत्या. अण्णांनी त्या कुणाला सांगायच्या? ज्याला सांगाव्यात तो मागच्या डब्यात बसत होता.

सोमाटण्यात हौशीरामांच्या दारात गाडी थांबवली. अण्णा खाली उतरले, पण ओट्याच्या कडेलाच टेकले. "मी हितंच बरा हाय," म्हणाले.

रतनमावशी दारात आल्या. "तिथं ऊन हाय भाऊ. आत या. ताटं वाढल्यात."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपला काढल्या. तेव्हा त्यांनीही काढल्या आणि आत गेले.

ताटात भाकरी, वालाचं कालवण आणि वाटीत वांग्याचं भरीत होतं. दोघं मांडीला मांडी लावून बसले. मावशींनी विचारलं, "मंग, कसा झाला सोहळा? आवडलं का लोकास्नी?"

"लय," हौशीराम म्हणाले.

"लय आवडलं," अण्णा म्हणाले आणि भाकरी मोडली.